पार्सल घरात, माहिती बाहेर

दसरा उलटला की ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी संध्याकाळी थोडा वेळ उभं राहावं. दुचाक्या येतच राहतात. चालवणाऱ्याच्या पाठीवर डोक्यापेक्षा उंच बॅग, पुढे पायांमध्ये दाबून बसवलेलं आणखी एक पोतं. रखवालदाराच्या टेबलावर, टेबलाखाली आणि शेजारच्या बाकावर खोकी रचलेली.

“काका, बी विंग, अकराशे दोन. मॅडम फोन उचलत नाहीयेत.”

“ठेव इथंच. नंबर सांग, मी लावून बघतो.”

पोरगा लेबलावरचा मोबाइल नंबर मोठ्याने वाचतो, काका तो आपल्या फोनवर दाबतात. आजूबाजूला दुसऱ्या कंपन्यांची मुलं, पाण्याचे जार आणणारा, फेरफटक्याला निघालेले आजोबा असे सगळे उभे आहेत. मॅडमच्या घराचा क्रमांक आणि मोबाइल नंबर सगळ्यांच्या कानावर पडला आहे. यात कोणाचीही वाईट बुद्धी नाही. पोराला रात्रीच्या आत बॅग रिकामी करायची आहे आणि काकांना त्याला मदत करायची आहे.

ढिगातल्या एका पाकिटाला पारदर्शक खिसा आहे. त्यातून बिल दिसतं : रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्या, दोन डब्या. खाली संपूर्ण पत्ता. शेजारच्या खोक्यावर ‘सीओडी’ आणि पुढे रक्कम. एका घरात मधुमेह असलेलं कोणीतरी आहे आणि दुसऱ्या घरात आज रोख पैसे तयार ठेवलेले आहेत, हे त्या बाकाजवळून जाणाऱ्या कोणालाही वाचता येतं.

ऑनलाइन खरेदीच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की ग्राहकाला दोनच गोष्टी ऐकवल्या जातात : ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. सल्ला योग्यच आहे. पण लिंक पाठवणाऱ्या ठगाला आपलं नाव, नंबर आणि परवा मागवलेली वस्तू ठाऊक कशी असते, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ग्राहकाच्या हातात नाही. ते ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याकडे बोट मात्र फार कमी वेळा जातं.

किती हातांतून

मुंबई–नाशिक महामार्गालगत भिवंडी तालुक्यात लांबच लांब पत्र्यांच्या शेडी उभ्या आहेत. यंत्रमागांचं गाव म्हणून ओळखली जाणारी भिवंडी आता देशातल्या मोठ्या गोदाम-वसाहतींपैकी एक आहे. मुंबई-ठाण्यात पोचणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा इथल्या फलाटांवरून निघतो. माल आत येतो, मांडणीवर चढतो, ऑर्डर आली की उतरतो, खोक्यात जातो आणि थर्मल प्रिंटरमधून सर्रकन बाहेर आलेलं लेबल त्यावर चिकटतं. यंत्राला लागतो तो फक्त बारकोड. बाकीचा मजकूर माणसांसाठी असतो.

लेबल चिकटण्याआधीच ग्राहकाची माहिती बरीच हिंडून आलेली असते. ऑर्डर जिथे दिली ते ॲप, माल विकणारा व्यापारी, पैसे वळते करणारा पेमेंट गेटवे, ‘तुमची ऑर्डर निघाली’ असा संदेश पाठवणारी एसएमएस कंपनी, कुरिअर, त्याचं छाननी केंद्र, गावातला फ्रँचायझीवाला, शेवटच्या टप्प्यावरचा रायडर, तक्रारींसाठी नेमलेलं कॉल सेंटर. ॲपमध्ये जाहिरातींचा मागोवा घेणाऱ्या कंपन्यांचे सांकेतिक तुकडेही बसवलेले असतात, ते वेगळेच. कोणी काय पाहिलं, किती वेळ थांबलं, टोपलीत टाकून काय काढलं, ही नोंद त्यांच्याकडे जाते. ग्राहक ‘मान्य आहे’ हे बटण एकदा दाबतो आणि एवढ्या सगळ्यांना त्याची संमती मिळाल्याचं मानलं जातं.

मोठ्या मंचांनी या साखळीत काही चांगल्या गोष्टी केल्या आहेत. जेवण आणि टॅक्सीच्या बऱ्याच ॲपांवर रायडर आणि ग्राहक एकमेकांशी बोलतात ते मधल्या तात्पुरत्या नंबरवरून, खरा नंबर कोणालाच दिसत नाही. काही कंपन्यांनी लेबलावरून फोन नंबर काढूनच टाकला आहे आणि महागडी वस्तू असेल तर ती दारात ओटीपी दिल्यावरच हातात मिळते. काम अडलेलं नाही, खोकी पोचतातच. तरीही असंख्य पार्सलांवर पूर्ण नंबर छापला जातो, कारण छापू नये असं बंधन आजवर कोणी घातलेलं नाही.

छोट्या विक्रेत्यांची अडचण वेगळी आहे. येवल्यात घरातल्या मागावरच्या पैठण्या इन्स्टाग्रामवर दाखवून विकणारी अनेक कुटुंबं आहेत. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर पत्ता पाठवतं, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवतं, ब्लाउजची मापंही पाठवतं. हे सगळं एका फोनमध्ये साठत जातं. तोच फोन संध्याकाळी मुलांच्या हातात असतो, बिघडला तर दुरुस्तीच्या टपरीवर जातो. कुरिअरवाल्याला यादी द्यायची असते म्हणून पत्ते एका एक्सेल फाइलमध्ये उतरवले जातात आणि ती फाइल पुढे सरकत राहते. “ताई, आम्ही कोणाला देत नाही हो,” असं इथली माणसं सांगतात आणि ते मनापासूनचं असतं. पण जुने पत्ते खोडायचे कधी, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. सुरक्षित साठवणीची सोपी साधनं या विक्रेत्यांपर्यंत पोचवण्याचं काम ज्या मंचांवरून ते विकतात त्यांनी आणि सरकारच्या उद्योग खात्यांनी करायला हवं. नुसता दंडाचा धाक दाखवून येवल्यातला फोन सुरक्षित होणार नाही.

ठगाला ऑर्डर कशी कळते

नोव्हेंबर २०२०मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती इंटरनेटच्या काळ्या बाजारात विक्रीला असल्याचं उघड झालं. नावं, ईमेल, फोन, पत्ते असा तो साठा होता. पुढच्या वर्षी तो फुकट वाटला गेला. मे २०२१मध्ये त्याहून अंगावर येणारा प्रकार घडला. डॉमिनोजच्या भारतातल्या सुमारे १८ कोटी ऑर्डरींचा तपशील कोणीतरी शोधपेटीसह मांडून ठेवला. मोबाइल नंबर टाकला की त्या माणसाने पिझ्झा कुठे मागवला होता ते ठिकाण समोर येत असे. आपण ग्राहकांच्या कार्डांचा तपशील साठवतच नाही, त्यामुळे आर्थिक माहिती सुरक्षित आहे, असं कंपनीने सांगितलं. ते खरं मानलं तरी प्रश्न उरतोच. एखादी बाई सासरच्या छळातून निघून नव्या गावात नाव न सांगता राहत असेल, तर तिच्यासाठी कार्डाच्या नंबरापेक्षा त्या पत्त्याची किंमत मोठी आहे.

चोरीला गेलेली अशी यादी पुढे कशी वापरली जाते, ते पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारींतून दिसतं. फोन येतो. पलीकडचा माणूस अदबीने नाव घेतो, गाव सांगतो, मागवलेली वस्तू सांगतो. “मॅडम, तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरून अपडेट करा.” पाच रुपयांना कोण घाबरणार? लिंकवरचं पान कुरिअरच्या पानासारखंच दिसतं आणि तिथे कार्डाचा तपशील मागितला जातो, किंवा फोनमध्ये एक ॲप उतरवायला सांगितलं जातं. त्या ॲपला संदेश वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी विचारावाच लागत नाही. एनीडेस्कसारखं पडदा दाखवणारं ॲप वापरून खाती रिकामी केली जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच दिला होता. साधन बदलत गेलं, रीत तीच राहिली.

दुसरी रीत याहून साधी. “आमचा मुलगा तुमच्या गल्लीत आलाय, त्याच्याशी बोलायला हा नंबर लावा,” असं सांगून ‘स्टार चारशेएक स्टार’ आणि पुढे दहा आकडे फिरवायला लावायचे. फिरवताक्षणी आपल्याला येणारे सगळे फोन ठगाकडे वळतात, फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीसुद्धा. या प्रकाराबद्दल सरकारी यंत्रणांनी लोकांना सावध केलं. पण खरा आळा बसला तो दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून अशी आकडे फिरवून फोन वळवण्याची सोयच थांबवायला लावल्यावर. लाखो ग्राहकांना ‘हा नंबर फिरवू नका’ असं सांगत बसण्यापेक्षा एका आदेशाने जास्त काम झालं.

तिसरी रीत ग्राहकाला स्वतःच ठगाच्या दारात नेते. वस्तू बिघडलेली निघते, पैसे परत हवे असतात. ॲपमध्ये माणसाशी बोलायची सोय शोधून सापडत नाही, म्हणून तो ‘कस्टमर केअर नंबर’ असं इंटरनेटवर शोधतो. वर येणारा नंबर खोटा असतो. या फसवणुकीत कंपन्यांचा वाटा उघड आहे. तक्रारीचा फोन नंबर दहा पायऱ्यांखाली लपवून ठेवला की त्या रिकाम्या जागेत ठग आपला नंबर लावणारच. ई-कॉमर्सबद्दलच्या २०२०च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ठळकपणे द्यायचा आहे, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आहे आणि महिन्याभरात निवारण करायचं आहे. ‘ठळकपणे’ या शब्दाची अंमलबजावणी कशी होते, हे कुठलंही ॲप उघडून पाहावं.

न मागवलेलं सीओडी पार्सल हा आणखी एक प्रकार सणाच्या दिवसांत हमखास घडतो. नाव, पत्ता, फोन बरोबर असतो. घरात आजी-आजोबाच असतात. कोणीतरी मागवलं असेल असं समजून ते सहाशे-सातशे रुपये देऊन टाकतात. आत जुनं फडकं निघतं. रक्कम लहान म्हणून तक्रार होत नाही आणि यादी पुढच्या गावी जाते.

कार्डाचा नंबर कुठे राहतो

एवढं सगळं वाचून ऑनलाइन खरेदी म्हणजे नुसता धोका असं वाटेल, पण ते खरं नाही. या देशात काही गोष्टी फार शहाणपणाने केल्या गेल्या आहेत आणि त्या कशा चालतात हे समजून घेण्यासारखं आहे.

२००९ साली रिझर्व्ह बँकेने कार्डाने होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी खातरजमा सक्तीची केली. कार्डावर छापलेल्या तपशिलापलीकडचा पासवर्ड किंवा ओटीपी दिल्याशिवाय पैसे जाणार नाहीत, असा तो नियम. व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, अर्धवट सुटणाऱ्या ऑर्डरींचं रडगाणं झालं. पण आपल्याकडचं कार्ड नुसत्या नंबरावर देशातल्या दुकानात चालेनासं झालं. परदेशी संकेतस्थळांवर मात्र अजूनही अनेकदा ओटीपीशिवाय पैसे कापले जातात. चोरीचे कार्ड-नंबर तिकडे वापरले जातात ते यामुळेच. म्हणून कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमध्ये बंद ठेवणं चांगलं. ते बटण प्रत्येक बँकेने दिलेलं असतं.

दुसरं मोठं पाऊल १ ऑक्टोबर २०२२ला पडलं. तोवर प्रत्येक दुकान ग्राहकाचा कार्ड-नंबर ‘पुढच्या वेळेसाठी’ साठवून ठेवत असे. ऑगस्ट २०२०मध्ये जसपे या पेमेंट कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली. सुमारे साडेतीन कोटी कार्डांची, काही आकडे झाकलेली माहिती त्यात गेली आणि ग्राहकांना ती बातमी पुढच्या जानेवारीत कळली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आता कार्ड देणारी बँक आणि कार्डाचं जाळं चालवणारी कंपनी सोडून कोणालाही पूर्ण नंबर जवळ ठेवता येत नाही. दुकानाकडे राहतो तो ‘टोकन’. हा बदली आकडा त्या कार्डासाठी आणि त्या एकाच दुकानासाठी असतो. चोराने दुकानाची तिजोरी फोडली तरी हाती लागलेले टोकन दुसरीकडे चालत नाहीत.

इथे ग्राहकाला काही शिकावं लागलं नाही, जागरूक राहावं लागलं नाही. जी माहिती साठवलीच नाही ती चोरीला जात नाही. हेच तत्त्व पत्त्याला, फोनला, मापांना, औषधांच्या बिलांना लावता येईल आणि अजून लावलेलं नाही.

यूपीआयमध्ये मात्र एक दोष होता. पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ कोणीही कोणालाही पाठवू शकत असे. जुना सोफा विकायला काढला की ‘लष्करात आहे, बदली झालीय’ असं सांगणारा गिऱ्हाईक फोन करायचा. “पैसे पाठवलेत, फक्त पिन टाकून स्वीकारा.” पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे वर्षानुवर्षं जाहिरातींतून सांगून झालं. तरी माणसं फसतच होती, कारण पडद्यावर नाव दिसत होतं, रक्कम दिसत होती आणि घाई केली जात होती. अखेर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय बंद केली. यूपीआय सुरू झाल्याला तेव्हा नऊ वर्षं उलटली होती. हा निर्णय पाच वर्षं आधी झाला असता तर किती घरांतले पैसे वाचले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बँकांच्या बनावट संकेतस्थळांवरचा उपायही याच जातीचा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ऑक्टोबर २०२५अखेरपर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जायला सांगितलं. हा शेवट बँकेशिवाय कोणालाच मिळत नाही.

१९३० लागल्यावर

पैसे गेलेच तर पुढे काय होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून ते जरा सविस्तर.

राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर १९३०. पलीकडचा पोलीस पहिल्यांदा सहानुभूतीचे शब्द बोलत नाही. तो विचारतो, “ताई, पैसे किती वाजता गेले? व्यवहाराचा नंबर वाचा.” त्याचं बरोबर आहे. त्या बारा आकडी नंबरावरून पैसे कुठल्या बँकेत गेले ते कळतं. त्या बँकेकडे यंत्रणेतून लगेच सूचना जाते. पैसे अजून त्या खात्यात असतील तर तेवढी रक्कम गोठवली जाते. नसतील तर ते जिथे गेले त्या पुढच्या बँकेला सूचना. तिथून पुढच्या. ठगांकडे भाड्याने घेतलेल्या खात्यांची माळ असते. काही हजारांच्या लोभाने विद्यार्थी, मजूर, बेकार तरुण आपलं पासबुक आणि सिमकार्ड देऊन बसलेले असतात. पैसे त्या माळेतून पळत असतात आणि सूचना त्यांच्या मागे. कोणीतरी एटीएममधून रोकड काढली की माग संपतो. म्हणून पहिल्या तासाला किंमत. घरात चर्चा करून, लाज वाटून, ‘उद्या बँकेत जाऊ’ म्हणून थांबलं की माळ संपलेली असते.

गोठवलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. रक्कम सोडवायला अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. काही राज्यांत लोकअदालतींमधून ही प्रकरणं लवकर मार्गी लावली जातात. तेवढी चिकाटी प्रत्येकाकडे नसते.

बँकेकडेही लेखी तक्रार त्याच दिवशी व्हायला हवी. याला आधार आहे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाचा. बँकेच्या चुकीमुळे पैसे गेले असतील तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत दुसरीकडे कुठेतरी आहे, तर तीन कामकाजी दिवसांत कळवलं की जबाबदारी शून्य, चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित : साध्या बचत खात्यासाठी व्यवहारामागे जास्तीत जास्त दहा हजार रुपये. बँकेने दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि या परिपत्रकातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य : ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे.

अडचण पुढे येते. ठगाने बोलण्यात गुंगवून ग्राहकाकडूनच ओटीपी काढून घेतला, तर ती ग्राहकाची बेपर्वाई ठरते आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्याच माथी येतं. ठगाला ऑर्डरचा तपशील कोणाकडून मिळाला याचा या हिशेबात विचारच नाही. विश्वास बसावा इतकी खरी माहिती ज्याच्या तिजोरीतून गळली, तो या भांडणात कुठेच पक्षकार नसतो.

केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ साली सायबर फसवणुकीत भारतीयांचे २२ हजार ८४५ कोटी रुपये गेले. २०२३चा आकडा ७ हजार ४६५ कोटी होता. यात गुंतवणुकीच्या आमिषापासून ‘डिजिटल अटके’पर्यंत सगळं आलं, खरेदीतली फसवणूक हा त्याचा एक भाग. पण यातल्या अनेक प्रकारांची सुरुवात एकाच गोष्टीने होते : अनोळखी माणसाला आपल्याबद्दल नको तेवढं ठाऊक असतं.

आधीच टिक केलेली चौकट

माहिती चोरीनेच जाते असं नाही. पुष्कळदा ती आपल्याकडून काढून घेतली जाते. टॉर्चच्या ॲपला संपर्क-यादी हवी असते, कपड्यांच्या ॲपला चोवीस तास ठावठिकाणा. ‘नाही’ हे बटण फिकट राखाडी, ‘हो’ हिरवंगार. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला अशा तेरा क्लृप्त्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली. न मागता टोपलीत घातलेला विमा किंवा देणगी, ‘फक्त दोन शिल्लक’ अशी खोटी घाई, नकार देणाऱ्याला ओशाळवाणं करणारी वाक्यं, चढता येतं पण उतरता येत नाही अशी वर्गणी. संमतीची चौकट आधीच टिक करून ठेवायला तर ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनीच मनाई आहे.

वर्गणीच्या सापळ्यावर रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२१पासूनचा नियम चांगला उपयोगी पडतो. दरमहा आपोआप पैसे कापायचे तर सुरुवातीला ग्राहकाची वेगळी मंजुरी हवी आणि प्रत्येक कपातीच्या चोवीस तास आधी सूचना आली पाहिजे. त्या सूचनेतून कपात थांबवता येते. असे संदेश न वाचता पुसू नयेत.

साध्या दुकानांतही हीच सवय शिरली आहे. चपला घेतल्या तरी काउंटरवरची मुलगी आधी मोबाइल नंबर विचारते. दुकानदार नंबराची सक्ती करू शकत नाही, असं ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३मध्ये स्पष्ट केलं आहे. नकार दिला तरी बिल निघतं.

कायदा कोणाला काय देतो

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यावर आधारलेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं मे २०२७मध्ये लागू होणार आहेत. कायद्यात घेण्यासारखं पुष्कळ आहे. कुठल्या कामासाठी कोणती माहिती घेतो ते सोप्या भाषेत सांगायचं, आणि ग्राहकाला हवं असेल तर मराठीतही. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. माहिती फुटली तर ग्राहकाला विलंब न लावता कळवायचं आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. किमान दोन कोटी नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ई-कॉमर्स कंपनीने, तीन वर्षं न फिरकलेल्या ग्राहकाची माहिती पूर्वसूचना देऊन पुसून टाकायची. सुरक्षेत कसूर केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

तो दंड मात्र भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याचा पत्ता फुटला, ज्याचे पैसे गेले, त्याच्या हाती त्यातला रुपयाही येत नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्याचं ठरलं तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

सध्या निदान एक वाट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ खाली, संवेदनशील माहिती निष्काळजीपणे सांभाळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागता येते आणि राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव या कायद्याखालचे दावे निकाली काढतात. महाराष्ट्रात या अधिकाराचा खरोखर वापर झाला. पुण्यातल्या एका उद्योगाच्या खात्यातून बनावट ईमेलच्या सापळ्यामुळे सुमारे ८० लाख रुपये गेले होते. २०१३ साली सचिवांनी एका राष्ट्रीयीकृत बँकेला ४५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. ईमेलला उत्तर ग्राहकाकडूनच गेलं होतं, तरी बँकेची ढिलाई त्याआड लपली नाही. त्या कलमातही त्रुटी आहेत. नियमांतल्या ‘संवेदनशील’ माहितीच्या यादीत पत्ता आणि फोन नंबर नाहीत. पण भरपाईचं तत्त्व आहे. मे २०२७मध्ये नवी बंधनं लागू होतील तेव्हाच कलम ४३अ रद्द होईल.

ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्कही पडत नाही. मात्र तिथे ग्राहकाला विचारलं जाईल : माहिती याच कंपनीकडून फुटली कशावरून? तोच नंबर वीस ॲपांकडे, पाच कुरिअरांकडे आणि कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाकडेही आहे. कुठून फुटली हे दाखवणाऱ्या नोंदी कंपनीच्या संगणकात असतात. ग्राहकाच्या हाती फक्त ठगाचा बंद झालेला नंबर असतो.

त्यामुळे मे २०२७पूर्वी संसदेने दोन दुरुस्त्या करायला हव्यात. माहिती फुटल्याने ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागण्याचा हक्क नव्या कायद्यात घालावा. आणि रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांवर टाकला तसा पुराव्याचा भार माहिती गोळा करणाऱ्या कंपनीवर टाकावा. पार्सलाच्या लेबलावर पूर्ण फोन नंबर छापायला मनाई करण्यासाठी तर कायदा बदलण्याचीही गरज नाही. ग्राहक व्यवहार खात्याने मनावर घेतलं तर ते येत्या दिवाळीपर्यंतही होऊ शकतं. वाचकांनी आपापल्या खासदारांना आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला ही मागणी कळवावी.